विश्लेषण : रेंज फुल, तरी व्हिडिओ का अडखळतो?

बारामतीच्या उसातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाची दखल मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५च्या सुरुवातीला घेतली. उपग्रह आणि जमिनीतील सेन्सरची माहिती शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते, हा त्या प्रयोगाचा गाभा. अशा संदेशाला नेट फारसे लागत नाही. पण त्याच तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात खत-फवारणीचा सल्ला, दहावीचे गणित किंवा पोलीस भरतीचा तास आता बहुधा व्हिडिओतून येतो. तो दर मिनिटाला थांबला, तर विद्यार्थी धडा अर्धवट सोडतो. दोष नेमका कोणाचा, टॉवरचा, प्लॅनचा की फोनचा, हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

अडखळणे दोन प्रकारचे

चित्र थांबले, आवाजही थांबला आणि मधोमध गोल चक्र फिरू लागले, तर माहिती वेळेवर पोहोचत नाही. हा नेटचा दोष. आवाज सलग चालू आहे, पण चित्र झटके देत पुढे सरकते आहे, तर बहुतेक वेळा नेटचा संबंध नसतो. माहिती फोनपर्यंत आलेली असते, पण ती उलगडून दाखवताना फोनची दमछाक होते. व्हिडिओ आकाराने लहान करणारी एव्ही१सारखी नवी तंत्रे डेटा वाचवतात, मात्र जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये त्यासाठीची वेगळी सोय नसते आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. एप्रिलच्या उन्हात तापलेला फोनही आपली गती स्वतःहून कमी करतो. अशा वेळी रिचार्ज वाढवून काही होत नाही. बाकीचे अ‍ॅप बंद करणे, फोन सावलीत ठेवणे आणि ‘७२०पी६०’ऐवजी साधे ‘४८०पी’ निवडणे जास्त उपयोगी पडते.

किती वेग पुरेसा?

यूट्यूबच्या मार्गदर्शनानुसार ३६०पी चित्रासाठी सलग ०.७ एमबीपीएस, ४८०पीसाठी १.१, ७२०पीसाठी २.५ आणि १०८०पीसाठी ५ एमबीपीएस वेग लागतो. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. म्हणजे कागदोपत्री ‘ब्रॉडबँड’ ठरणारी जोडणी ७२०पी व्हिडिओसाठीही अपुरी पडू शकते.

डेटाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २.५ एमबीपीएस वेग पूर्ण वापरला गेला असे धरले, तर तासाला सुमारे १.१ जीबी खर्च होतो. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये तो सव्वा तासाच्या थोडा पुढे जातो. ३६०पीवर तोच डेटा पावणेपाच तासांच्या आसपास टिकतो. मर्यादा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. संध्याकाळी अचानक ‘नेट गेले’ असे वाटते, त्यामागे अनेकदा हेच असते. शंका असेल तर आधी शिल्लक डेटा तपासावा.

मग स्पीड टेस्टमध्ये वेग चांगला का दिसतो?

स्पीड टेस्ट काही सेकंदांचा वेग मोजते. व्हिडिओला तो तासभर टिकून हवा असतो. ऑनलाइन व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो. प्लेअर वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो आणि थोडा साठा पुढे करून ठेवतो. हा साठा म्हणजे शेततळे. कालव्याला पाणी असते तेव्हा ते भरते आणि आवर्तन थांबले की त्यावर भागते. आवक पुन्हा सुरू होण्याआधी ते आटले, की चक्र फिरू लागते.

फोनवरच्या काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो ते सांगतात. त्या टॉवरवर किती जण आहेत, हे त्यातून कळत नाही. नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वरच्या चाऱ्यांनी उपसा केला की शेपटाकडे पाणी कमी येते. रात्री आठ-नऊच्या सुमारास गावातले सगळेच फोन हातात घेतात, तेव्हा प्रत्येकाचा वाटा घटतो. शिवाय ओल्या, दाट झाडोऱ्यातून रेडिओ लहरी क्षीण होतात, आणि वारंवारता जितकी जास्त तितकी ही घट मोठी. गावठाणापासून दूर, उसाने वेढलेल्या वस्तीवर घराच्या आत सिग्नल कमी पडतो, त्याला हेही एक कारण असू शकते.

घरच्या घरी काय करता येईल?

आधी दर्जा ‘ऑटो’वर न सोडता ३६०पी किंवा ४८०पीवर स्वतः पक्का करावा. वेग सतत वरखाली होत असेल तर ‘ऑटो’ मोठ्या दर्जाचा तुकडा मागवून बसतो. व्हिडिओ थांबवून तो पूर्ण भरू देण्याची जुनी युक्ती आता फारशी चालत नाही, कारण प्लेअर ठरावीक मर्यादेपुढे साठा करत नाही. त्यापेक्षा पहाटे, नेट मोकळे असताना तो अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवलेला बरा. घरात वायफाय असेल तर राउटर कपाटातून किंवा फ्रिजमागून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा.

दर्जा कमी केल्याने देशाचेही भागले आहे. मार्च २०२०च्या टाळेबंदीत नेटवर भार वाढला, तेव्हा प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८०पीवर आणण्याचे मान्य केले होते. पण ही तडजोड करमणुकीला चालते, फळ्यावरच्या बारीक अक्षरांना नेहमी नाही. गणिताचा घातांक ३६०पीवर वाचता येत नसेल, तर ‘व्हिडिओ न अडकता चालला’ याला काही अर्थ उरत नाही.

यंत्रणेकडून काय अपेक्षित आहे?

‘ट्राय’चे सेवा गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. कोणत्या भागात कोणती सेवा मिळते, याचा नकाशा कंपन्यांनी संकेतस्थळावर देणे त्यात बंधनकारक आहे. वस्तीवर सेवा मिळत नाही आणि नकाशात मात्र ती दिसते, अशी तफावत असेल तर तक्रारीला आधार मिळतो. ‘ट्राय’च्या मायस्पीड अ‍ॅपवर वेगवेगळ्या वेळी मोजणी करून कंपनीकडे तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. केवळ ‘नेट स्लो आहे’ एवढ्याने काम होत नाही. वेळ, जागा आणि आकडे हवेत.

दुसरा धागा भारतनेटचा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरच्या वलयाने जोडायच्या आहेत, म्हणजे एका ठिकाणी केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने जोडणी चालू राहील. मात्र पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेली तार वस्तीवरच्या घरापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न त्यापुढे उरतोच.

थेट तासाचे काय?

थेट चालणाऱ्या वर्गात साठा करायला जागाच कमी असते, त्यामुळे वरचे बरेच उपाय तिथे तोकडे पडतात. कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाज घेणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये, एमकेसीएलने सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू केली, तेव्हा ही अडचण मुळातच नव्हती. दूरदर्शनचे एकच प्रक्षेपण सगळे पाहतात, मोबाइल नेटवर मात्र सहसा प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते. प्रक्षेपण सरळ फोनवर देणाऱ्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’ तंत्राच्या चाचण्या देशात झाल्या आहेत. त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि गावात आज हातात असलेल्या फोनमध्ये ती नाही.