गुणांचे आमिष आणि श्रमाचा मोबदला

मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २००७’मधील वर्ड व एक्सेलचे परिचित मेनू हटवून ‘रिबन’ आणली. कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेले बरेचसे कौशल्य निकामी झाले. २०१० मध्ये याच कंपनीने ‘रिबन हिरो’ हा खेळ काढला : नव्या सोयी वापरा, गुण मिळवा! खेळातून शिकण्यास कोणाचाच विरोध नाही. परंतु शिकण्याचे श्रम कर्मचाऱ्याचे, वाढत्या उत्पादकतेचा नफा मालकाचा. आणि मोबदला काय, तर पडद्यावरचे आकडे! हेच आकडे व्यवस्थापनाच्या हाती गेले की खेळाचा चाबूक होतो. अमेरिकेत अॅनाहाइम येथील डिस्नेच्या हॉटेलांतील धुलाई कामगारांनी कामाच्या वेगाची तुलना मांडणाऱ्या पडद्यांना २०११ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ म्हटले, ते उगीच नव्हे. म्हणून कामगार संघटनांनी ठामपणे मागितले पाहिजे : प्रशिक्षण पगारी वेळेतच, खेळातले गुण बढती-बडतर्फीच्या बाहेर आणि नव्या सॉफ्टवेअरच्या निर्णयात कामगारांचा सहभाग!