गादीचं वय
सकाळी उठल्यावर कंबर धरते आणि तासाभराने हिंडूफिरू लागलं की मोकळी होते, असं रोज होत असेल तर आधी गादीकडे बघा. तिच्यावर आडवी काठी ठेवा. मधोमध दोन बोटं फट दिसली, तर गादी बसली आहे. फोमची किंवा स्प्रिंगची गादी साधारण 7 ते 10 वर्षं साथ देते. एकदा दबलेला फोम पुन्हा उभा राहत नाही. कापसाचं तसं नाही. आमच्या अंगणात दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी यायचा. खोळ उसवून गोळे झालेला कापूस उन्हात पसरायचा, पिंजणाच्या तांतेवर ठोके देत तो फुलवायचा आणि लांब सुईने पुन्हा टाके घालायचा. सकाळी पोळीसारखी चपटी असलेली गादी संध्याकाळी वीतभर उंच व्हायची. म्हणून मनापासून सांगते, कापसाची गादी टाकू नका, पिंजून घ्या. फोमची बसली असेल तर पैशांकडे बघून चालढकल करू नका. आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा आपण तिच्यावरच काढतो.