पुंगळी चकचकीत झाली, पण शिसं गेलं कुठे?



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या काही मराठी वाचकांना नेमबाजीचा छंद आहे, आणि त्यांतल्या काहींना त्याच्या पुढचाही, रीलोडिंगचा. म्हणजे काय, तर उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, मूळ मापावर आणायच्या आणि पुन्हा भरायच्या. पुंगळी हा काडतुसातला महागडा भाग आणि ती अनेकदा वापरता येते, म्हणून तिकडे हा छंद घरोघरच्या गॅरेजमध्ये चालतो.

बंदूक असावी की नसावी हा आजचा विषय नाही. विषय आहे या पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या घरात सहा वर्षांखालचं मूल आहे किंवा गरोदर बाई आहे, तिथे पुंगळ्या कोरड्या पद्धतीने साफ करणं बंद व्हायला हवं. गॅरेजमध्येसुद्धा. मास्क लावून किंवा दार उघडं ठेवून चालवून घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

पितळात शिसं आलं कुठून?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घरची समई आपण चिंच-मीठ लावून घासतोच की! तेव्हा दोष पितळाचा नाही, पुंगळीत जे उरतं त्याचा आहे.

पुंगळीच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी टोपी असते. बंदुकीचा घोडा दाबला की ती पेटते आणि तिच्यामुळे आतली दारू पेट घेते. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. ते जळलं की शिशाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. काही हवेत जातात, काही पुंगळीच्या आतल्या काजळीत चिकटून राहतात. 'माझ्या गोळ्यांवर तांब्याचं आवरण आहे, मला शिशाची भीती नाही,' असं म्हणणारे हेच विसरतात. गोळीवर आवरण असेलही, पण प्रायमर तोच असतो.

धूळ नेमकी कधी उडते?

कोरड्या पद्धतीत थरथरणाऱ्या भांड्यात, म्हणजे टंबलरमध्ये, मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालून त्यात पुंगळ्या तासन् तास घोळवतात. काजळी निघते आणि पितळ सोन्यासारखं लखलखतं. पण काजळीतलं शिसं नाहीसं होत नाही, ते भुग्यात उतरतं. तोच भुगा पुन्हा पुन्हा वापरला की त्यात शिसं साठत जातं. झाकण उघडताना आणि पुंगळ्या चाळून वेगळ्या करताना ही धूळ सगळ्यात जास्त उडते.

मग येतं माप बसवणं. गोळी सुटताना दाबाने पुंगळी फुगते. तिला मूळ मापावर आणण्यासाठी डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबतात. बऱ्याच डायमध्ये मधोमध एक दांडी असते, ती त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर ढकलते. त्याच्याबरोबर काळी भुकटी टेबलावर सांडते. पुंगळी डायमध्ये अडकू नये म्हणून अनेकदा तेलकट वंगण लावावं लागतं. त्या तेलकट बोटांना भुकटी चिकटते, आणि मग तीच बोटं चहाच्या कपाला, मोबाईलला, दाराच्या कडीला लागतात.

'पण रेंजवर तर याहून जास्त शिसं असतं!'

हा आक्षेप खरा आहे. बंदिस्त रेंजवर हवा नीट खेळती नसेल, तर नेमबाजाच्या अंगात जाणारं बरंचसं शिसं तिथलंच असतं. 2017 साली 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ' या नियतकालिकात जगभरच्या रेंजवरील अभ्यासांचा आढावा आला होता. त्यातही अनेक नेमबाजांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं होतं.

तरीही मी टंबलरवर जास्त जोर देतो, कारण रेंजवरचा धोका तुम्ही स्वतःसाठी पत्करता. गॅरेजमधली धूळ मात्र घरातल्यांच्या वाट्याला येते. कारखान्यात शिशाशी संबंध येणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत 1978 पासून नियम आहेत. त्यात हवेची मोजणी आणि रक्ताची तपासणी बंधनकारक आहे. तेच शिसं छंद म्हणून घरी हाताळलं, तर विचारणारं कुणी नसतं. तिथे तपासनीसही तुम्हीच.

मुलांचं आणि आईचं काय?

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग रक्तात जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोचतं, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी वाढतं. त्यात रांगणारं मूल जमिनीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं.

मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी ठरवता आलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसीने 2021 मध्ये मुलांसाठी दखल घेण्याची पातळी 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. ही 'इथपर्यंत चालेल' अशी मर्यादा नाही. एवढं आढळलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असा तिचा अर्थ.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडात शिरलेलं दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते हाडांतून पुन्हा रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. मोठ्यांना थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड, वाढलेला रक्तदाब असा त्रास होऊ शकतो. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणून 'तीस वर्षं करतोय, मला काही झालं नाही' हा पुरावा मी मानत नाही. रक्ताचा अहवाल दाखवा, मग बोलू.

मग करायचं काय?

- ओली पद्धत वापरा. पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक काड्या घातलेल्या टंबलरमध्ये धूळ उडत नाही. त्या काळ्या पाण्यात मात्र शिसं असतं. ते बागेत किंवा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. घरगुती घातक कचरा कुठे देता येतो ते नगरपालिकेला विचारा.
- स्वयंपाकघर वर्ज्य. पुंगळ्या डिशवॉशरमध्ये धुणं, ओव्हनमध्ये वाळवणं, घरच्या चाळणीने चाळणं, हे अजिबात नको.
- झाडू मारू नका. टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ पुन्हा हवेत सोडतो.
- हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. तिथे बसून खाणं, पिणं, सिगारेट ओढणं टाळा.
- कपडे आणि बूट वेगळे ठेवा. ते कपडे वेगळे धुवा. आंघोळ झाल्यावरच मुलाला उचलून घ्या.

महाराष्ट्रातल्या पालकांसाठी

आपल्याकडे घरी पुंगळ्या भरण्याचा प्रकार सहसा दिसत नाही. पण 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने कांस्यपदक मिळवलं, आणि नेमबाजी शिकणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. एअर रायफलमध्ये प्रायमर नसतो, पण तिचे छर्रे सहसा शिशाचेच असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि छर्रे कधीही तोंडात धरायचे नाहीत, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

डॉक्टरांना छंद सांगा

आम्ही डॉक्टर नोकरी विचारतो, व्यसन विचारतो. छंद क्वचितच विचारतो. तो विचारायलाच हवा. आम्ही नाही विचारला, तर तुम्ही सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घ्या. तुमची आणि घरातल्या लहान मुलांचीही. बोटातून घेतलेल्या थेंबात पातळी जास्त आली, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. 'डिटॉक्स'ची औषधं मनाने घेऊ नका. शिसं बाहेर काढणारी खरी औषधं डॉक्टर पातळी बघून ठरवतात. पहिला उपचार म्हणजे शिसं जिथून येतंय ती जागा बंद करणं.

छंद सोडा असं माझं म्हणणं नाही. पण घरात मूल असेल, तर कोरडा टंबलर या आठवड्यातच बाहेर काढा आणि तपासणीची वेळ घ्या.