शेवटचा आकडा

आमच्या भाच्याला डाख लावण्याच्या कामाचा भारी नाद. गेल्या पावसाळ्यात वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा जुन्या बारा व्होल्टांच्या बॅटरीवरून मोबाइल भारित करता यावा, अशी एक लहानशी जोडणी घरीच करण्याचे त्याने मनावर घेतले. अशा जोडणीत ७८०५ या क्रमांकाचा तीन पायांचा रेग्युलेटर बसवितात. आत बारा व्होल्ट आले तरी बाहेर पाचच सोडावयाचे, एवढेच त्याचे काम. तो ४.८ पासून ५.२ व्होल्टांपर्यंत कोठेही असला तरी चांगला समजावा, असे कारखानदार स्वतःच छापून सांगतात. भाच्याने बाजारातून सहा नग आणले, एकेक जोडून पाहिला, आणि आमच्या मल्टिमीटरवर आकडा उमटला ५.३१. दुसऱ्याचा ५.२९, तिसऱ्याचा ५.३३. सहाही नग मर्यादेबाहेर!

“मामा, माल बनावट आहे,” तो म्हणाला. दशांश चिन्हापुढे दोन आकडे इतक्या ठामपणे उभे असताना संशय घेण्याचे आम्हांस कारण दिसले नाही. आम्ही त्याच्यासह दुकानी गेलो. दुकान बाजारातील एका बोळात आहे. दुकानदार वयस्क असून पूर्वी रेडिओ दुरुस्त करीत. चार गिऱ्हाइके उभी असता आम्ही त्यांस जे बोललो, ते येथे लिहावयास आम्हांस लाज वाटते. ‘या वयात’ हे शब्द त्यात होते, इतके सांगितले म्हणजे पुरे.

त्यांनी वाद घातला नाही. आपला मीटर काढून त्याच रेग्युलेटरला लावला: ५.०२. आमचा लावला: ५.३१. भाचा हुशार, तो लागलीच म्हणाला, “काका, पण तुमचाच मीटर चुकीचा नसेल कशावरून?” प्रश्न उद्धट असला तरी योग्य होता, आणि म्हाताऱ्यास तो आवडलासा दिसला. त्यांनी खणातून काड्यापेटीएवढी एक पट्टी काढली. तिच्यावर एडी ५८४ नावाची चिप होती. अडीच, पाच, साडेसात व दहा असे चार ठरीव दाब देणे हेच तिचे कार्य. पाठीमागे हाताने लिहिलेली चिठी होती, तीत पाचच्या पुढे ‘५.००१’ असे टिपलेले. त्यांच्या मीटरने ५.०० दाखविले, आमच्याने ५.२९. मग त्यांनी आमच्या मीटरचे मागचे झाकण उघडून आतील नऊ व्होल्टांची बॅटरी मोजली. ती ६.४ वर आली होती. नवी घालताच आमचा मीटर ५.०१ म्हणू लागला, आणि सहाही रेग्युलेटर निर्दोष ठरले. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे बारीक चिन्ह कित्येक दिवस उमटत होते. आम्ही ते शोभेचे समजत होतो!

बॅटरी उतरली तर यंत्र बंद पडावे, निदान मंद व्हावे, असे आपणांस वाटते. हे यंत्र बंद पडले नाही, मंद झाले नाही. पूर्वीच्याच ठळकपणाने खोटे सांगू लागले. असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

या स्वस्त मीटरांच्या पोटात बहुधा ७१०६ ही चिप, किंवा तिची नक्कल असते. ती अमेरिकेतील इंटरसिल कंपनीची, १९७० च्या दशकातील. तिची युक्ती मोठी सुरेख आहे. एका टाकीत अज्ञात धारेने घड्याळाचे बरोबर हजार ठोके पाणी भरावे. मग ज्ञात मापाच्या तोटीने टाकी रिकामी करावी आणि त्यास किती ठोके लागले ते मोजावे. धार तोटीएवढीच असेल तर हजार ठोके, दीडपट असेल तर दीड हजार. यातील खुबी अशी की, टाकी थोडी लहान-मोठी असली अथवा घड्याळ थोडे मंद असले, तरी भरताना झालेली चूक रिकामी करताना फिटून जाते. उरते काय? केवळ ती तोटी. मीटरात तिच्या जागी १०० मिलिव्होल्टांचा एक संदर्भदाब असतो, आणि सर्व मोजणीचा भार त्या एकट्याच्या खांद्यावर. तो दाब बॅटरीवरूनच, चिपच्या आतील एका स्थिर टप्प्याच्या आधाराने, काढलेला असतो. बॅटरी सुमारे सात व्होल्टांच्या वर आहे तोवर हा टप्पा ढळत नाही. त्याखाली गेली की तो बसू लागतो. तोटी बारीक झाली की टाकी रिकामी होण्यास अधिक ठोके लागतात, म्हणजेच आकडा फुगतो. कापड मोजणाऱ्याचा गजच आखडला तर कापड लांब भरावे, तसे हे झाले. ठोके मोजण्यात मात्र चिपने एकाचीही चूक केलेली नसते.

तेव्हा मीटर किती बारीक दाखवितो आणि किती खरे दाखवितो, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पडद्यावर दिसते. दुसऱ्याचे उत्तर सोबतच्या चोपडीत असते, आणि ती चोपडी खोक्याबरोबर रद्दीत जाते. आम्ही आमची शोधून काढली. वीस व्होल्टांच्या मर्यादेत अचूकता ‘अधिक-उणे अर्धा टक्का, शिवाय दोन अंक’ असे तीत छापले आहे. पाच व्होल्टांचा अर्धा टक्का म्हणजे ०.०२५, शेवटच्या स्थानातील दोन अंक म्हणजे ०.०२. दोन्ही मिळून ०.०४५. म्हणजे मीटर अगदी निरोगी असून त्याने ५.०० दाखविले, तरी खरा दाब ४.९५५ ते ५.०४५ यांमध्ये कोठेही असू शकतो. शेवटचा आकडा बोलतो खरा, पण त्याच्या शब्दावर चार-साडेचार घरांची सूट द्यावी लागते. येथे कारखानदाराने लपविलेले काहीच नाही. आम्ही वाचले नव्हते.

बाजारात आता चढाओढ आकड्यांची आहे. जुने मीटर १९९९ पर्यंत मोजीत, नवे सहा हजार, दहा हजार, वीस हजारांपर्यंत मोजतात, आणि किंमत फारशी वाढत नाही. ठोके मोजणे स्वस्त झाले; संदर्भदाब स्थिर राखणे तितके स्वस्त झालेले नाही. अर्ध्या टक्क्याच्याच मीटरला आणखी दोन घरे जोडली तर तो ५.०० ऐवजी ५.००२३ म्हणेल, इतकाच फरक. पाच मिनिटे मागे पडलेल्या घड्याळाला सेकंदकाटा बसविल्याने गाडी चुकावयाची राहत नाही. उत्तम यंत्रांतही ही दरी असतेच. प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरात असलेला ३४४०१ए हा मीटर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने काढला. दहा व्होल्टांच्या मर्यादेत त्याचे शेवटचे घर दहा मायक्रोव्होल्टांचे. परंतु दहा व्होल्ट मोजताना वर्षभरासाठी त्याने दिलेली हमी सुमारे ४०० मायक्रोव्होल्टांची आहे, म्हणजे त्या घराच्या चाळीसपट. भेद एवढाच की, तो मीटर विकत घेणारा गृहस्थ हमीचा कागद आधी वाचतो.

सराफाच्या पेढीवर हा प्रश्न कायद्याने सोडविलेला आहे, हे आमच्या ध्यानी नंतर आले. त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाटीवर इंग्रजी ‘डी’ व ‘ई’ या अक्षरांपुढे दोन आकडे छापलेले असतात. ‘डी’ म्हणजे काटा दाखवितो ती सर्वांत बारीक पायरी. ‘ई’ म्हणजे जिच्या आधारे सरकारी पडताळणी होते ती पायरी. पुष्कळ सराफी काट्यांत दुसरी पहिलीच्या दहापट असते. काटा मिलिग्रॅम दाखवील, पण शिक्का मारणारा अधिकारी दहा मिलिग्रॅमचा हिशेब धरील. हौशी माणसाच्या मल्टिमीटरवर असा शिक्का नसतो, आणि पडद्यावर ‘ई’ लिहिण्याची कोणास सक्तीही नाही.

यावरून बारीक आकडे निरुपयोगी, असे मात्र कोणी समजू नये. भाच्याने त्याच आठवड्यात आम्हांस ते दाखवून दिले. त्याला एकसारख्या दाबाचे चार लिथियम सेल निवडावयाचे होते. येथे खरा दाब किती, हा प्रश्नच नव्हता. चौघांत भेद किती, हा होता. एकच मीटर, एकच मर्यादा, पाच मिनिटांत चार मोजण्या. संदर्भदाब अर्ध्या टक्क्याने चुकलेला असला तरी तो चौघांनाही सारखाच चुकविणार. अशा तुलनेत तिसरे दशांश स्थान खरोखर कामाचे असते. सेल भारित करावयाची वेळ आली की गोष्ट उलटते. सामान्य लिथियम सेलची कमाल ४.२० व्होल्ट धरतात, आणि तिच्यावर तो नेणे धोक्याचे. मीटर दीड टक्का कमी दाखवीत असेल, आणि कोणी त्याच्यावर विसंबून भारकाचा स्क्रू ४.२० वर आणून ठेवला, तर सेलात प्रत्यक्षात ४.२६ जात असतील. येथे चुकीचे फळ दुकानदारास दोन कठोर शब्द इतकेच राहत नाही.

आणखी एक फसगत सांगून पुढे जाऊ. स्वस्त मीटर ज्या जोडणीस लावाल, तिच्यातील थोडी वीज तो स्वतःच पितो. नऊ व्होल्टांवर दहा-दहा लाख ओहमांचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा. मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट असावयास हवेत. आमचा मीटर स्वतः दहा लाख ओहमांचा. तो लावताच खालची बाजू निम्मी होते आणि पडद्यावर ३.०० येतात. हा आकडा खोटाही नाही, कारण मीटर लावलेला असेपर्यंत तेथे तीनच व्होल्ट असतात! काढून घेतला की साडेचार. नव्या चिपा, ताजी बॅटरी, वीस हजार ठोके, कशानेही हे टळत नाही; मीटरचा अंतर्गत रोध मोठा लागतो. चांगल्या मीटरांत तो बहुधा एक कोट ओहम असतो, आणि मग येथेच ४.२९ दिसतात.

जुन्या काट्याच्या मीटरांविषयी आम्हांस थोडी माया आहे, हे कबूल केले पाहिजे. १९२३ मध्ये निघालेला इंग्लंडातील एव्हो मीटर पिढ्यान् पिढ्या कारागिरांच्या बाकावर होता. काट्यास जाडी असे, तो थरथरे, आणि वाचणाऱ्यास ‘पाचच्या जरा वर’ इतकेच म्हणता येई. अचूकतेत तो आजच्या साध्या मीटरपेक्षा सरस नव्हता. उगीच मोठेपणा द्यावयाचे कारण नाही. पण आपल्याला नीट ठाऊक नाही, हे तो चेहऱ्यावर दाखवी.

आता त्या दुकानी परत. पट्टीच्या मागची चिठी पाहून भाच्याने पुन्हा विचारले, “आणि हे ५.००१ कोणी मोजले?” म्हाताऱ्याने एका ओळखीच्या प्रयोगशाळेत मोजून आणले होते. त्या प्रयोगशाळेचा मीटर आणखी वरच्या प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि अशी पायरी-पायरीने ही माळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. देशाची प्रमाणमापे तिच्या स्वाधीन आहेत. एके काळी व्होल्टाचे प्रमाण काचेच्या नळीतील एका सेलवर विसंबून असे. तो एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये शोधला. वीस अंश सेल्सिअसला १.०१८ व्होल्टांच्या आसपास तो इतका निश्चळ राही की, जगभर त्याचे दाखले चालत. पुढे ते काम जोसेफसन संधीकडे गेले. अतिशीत अतिवाहकांच्या जोडीवर सूक्ष्मलहरी सोडल्या की, दाब त्या लहरींच्या वारंवारितेनेच ठरतो. २० मे २०१९ पासून तर त्यामागील दोन्ही स्थिरांकांची मूल्ये कायमची निश्चित केलेली आहेत. एवढ्या लांबून आलेल्या माळेचा शेवटचा मणी आमच्या मीटरात मोहरीएवढ्या स्क्रूच्या रूपाने बसला आहे. कारखान्यात कोणीतरी तो एकदा फिरविला, आणि त्यानंतर उन्हाळे, हादरे व उतरत्या बॅटऱ्या यांच्या स्वाधीन केला.

त्या स्क्रूला हात लावण्याची भाच्याची फार इच्छा होती. दुकानदारांनी मनाई केली. “फिरवू नको रे. किती चुकतो ते लिहून ठेव, म्हणजे झालं.” तेव्हा आता आमच्या मीटरच्या पाठीस एक कागद चिकटविलेला आहे: ५.००१ ला ५.०१, दहाला १०.०२, खाली तारीख. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावयाचे ठरले आहे. दर खेपेस मोजण्याआधी ताज्या पेन्सिल-सेलास तारा टेकवून पाहण्याची सवयही त्याने लावून घेतली आहे, १.६ च्या आसपास दिसण्याऐवजी १.७ दिसले, की तो प्रथम मागचे झाकण उघडतो.

आम्ही त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोरच क्षमा मागितली. बोललो होतो तेही त्यांच्यासमोरच. नव्या बॅटरीचे पैसे त्यांनी घेतले, तपासणीचे घेतले नाहीत. गेल्या शनिवारी डाखाची तार आणावयास पुन्हा गेलो, तर आम्हांस पाहताच त्यांनी ती पट्टी खणातून काढून गल्ल्यावर ठेवली आणि मुलास चहा सांगितला.