खांद्याला सोसेल ती बंदूक

गेल्या वर्षी याच पानावर बर्फ उपसायचं यंत्र कसं निवडावं ते लिहिलं होतं. पुढच्या अंकात बंदुकीवर लिहाल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो. आमच्या घराण्यात आजवर चाललेली बंदूक म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची! पण धाकटी नववीत गेली आणि शाळेच्या ट्रॅप शूटिंगच्या संघात नाव नोंदवून आली.

इथे मिनेसोटात हा शाळकरी मुलांचा खेळ चांगलाच रुजला आहे. समोरच्या बुटक्या खोलीतून सव्वाचार इंचांची नारिंगी तबकडी भिरभिरत सुटते. तिच्यामागे 16 यार्डांवर उभं राहून ती हवेतच फोडायची. पाच जागा, प्रत्येक जागेवरून पाच, अशा 25 तबकड्यांचा एक डाव. सरावाला दोन डाव, म्हणजे खांद्याला 50 दणके.

संमतीपत्रावर सही करताना मी बजावलं होतं, "दुखलं-खुपलं तर लगेच बंद." बाप म्हणून आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं होतं.

बंदूक मीच निवडली. पोर लहान चणीची, म्हणून 12 गेजऐवजी 20 गेजची, हलकी, जेमतेम 6 पौंडांची पंप शॉटगन घेतली. गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बारीक नळी आणि हलकी बंदूक, म्हणजे धक्काही कमी, हा माझा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात तिचे गुण 17 वरून 11 वर आले. मला वाटलं, लक्ष नाही. त्या रविवारी तिची आई डोक्याला तेल लावायला बसली, तेव्हा टी-शर्टची बाही सरकली आणि दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला.

"सांगितलं का नाहीस?"

"बाबा, तू बंद करायला लावशील म्हणून."

यावर मला काही बोलता आलं नाही.

दोन आठवडे विश्रांती झाली. नंतर प्रशिक्षकांनी एक गंमत करून दाखवली. तिच्या नकळत बंदुकीत खोटं काडतूस भरलं. तिने चाप ओढला. बार झालाच नाही, पण नळी खाली झुकली आणि डोळे मिटले. धक्का बसायच्या आधीच अंग चोरायची सवय तिच्या शरीराला लागली होती. सोसून सोसून माणूस धीट होतो असं आपण मानतो. इथे सोसल्यामुळे नेम गेला होता.

मग मी शाळेतलं पदार्थविज्ञान पुन्हा उघडलं. छर्रे जितक्या जोराने पुढे जातात, तितक्याच जोराने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवलं, तर बंदूक जेवढी जड तेवढी धक्क्याची ऊर्जा कमी. माझ्या 20 गेजच्या काडतुसात 7/8 औंस, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम छर्रे होते. तेवढ्याच छऱ्यांची, तेवढ्याच वेगाची काडतुसं 12 गेजमध्येही मिळतात! ती 8 पौंडांच्या बंदुकीतून उडवली, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास चौथ्या हिश्शाने उतरते. म्हणजे लेकीवर दया म्हणून जे हलकं घेतलं, तेच तिला जड गेलं.

कोल्हापुराहून आजोबांचा फोन आला. "आपला स्वप्नील कुसाळे पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला, त्याचा कुठे खांदा दुखतो?" त्यांना सांगितलं, त्याच्या .22 रायफलीची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि रायफल हिच्या बंदुकीहून कितीतरी जड. आजोबा म्हणाले, "मग तिलाही जडच द्या की." निम्मं उत्तर त्यांनी फोनवरच दिलं.

उरलेलं निम्मं बंदुकीच्या आतल्या रचनेत आहे. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये नळीतला थोडा वायू एका भोकातून बाहेर येऊन दट्ट्या ढकलतो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. या खटाटोपात धक्का नाहीसा होत नाही, पण तो एकदम न बसता किंचित लांबतो. खांद्याला ठोसा न वाटता रेटा वाटतो. 1963 साली आलेली रेमिंग्टन 1100 याच गुणासाठी आजही लोक शोधत असतात. आम्हीही तीच घेतली, वापरलेली. उडालेलं काडतूस उजवीकडच्या मुलाला लागू नये म्हणून तिला एक छोटी अडणी लावली.

तिसरी गोष्ट मापाची. डाग खांद्याच्या खळग्यात नव्हता, दंडावर होता. दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा असल्यामुळे तो खळग्यात बसतच नव्हता. नव्या बंदुकीचा दस्ता कारागिराकडून इंचभर आखूड करून घेतला आणि मागे जाड रबरी गादी बसवली. ती वाढेल तशा मध्ये चकत्या घालता येतील. मुलींच्या परकराला दुमड ठेवतात, तसंच हे. दस्त्याची वरची कड गालाला नीट टेकते ना, हेही पाहिलं. गाल अधांतरी राहिला की बार होताच गालफडावर फटका बसतो.

जड बंदुकीने सुरुवातीला हात भरून आले, हे खरं. पण पाळी आपली नसताना बंदूक खाली धरायची असते, त्यामुळे महिन्याभरात जमलं.

दोन सूचना मात्र कळकळीच्या. 20 गेजची काडतुसं पिवळी असतात, ती उगाच नाही. चुकून 12 गेजच्या नळीत गेली तर पुढे सरकून अडकतात, आणि त्यामागे दुसरं काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते. आम्ही बंदूक बदलली त्याच दिवशी तिच्या जाकिटाचे खिसे झटकून रिकामे केले. दुसरं, आपल्यापैकी जे एच-1 सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना काही अपवाद सोडले तर बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही कायद्याने मना आहे. आधी वकिलाला विचारा. आणि घरात बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

घेण्यापूर्वी ज्याच्या खांद्याला लावायची त्याला दोन-तीन बंदुका चालवून पाहू द्या. बापाच्या खांद्यावरून अंदाज करू नका.

आमच्या घरचा करारही बदलला. आता "दुखलं तर बंद" नाही, "दुखलं तर सांग, आपण बंदूक बघू." गेल्या शनिवारी 25 पैकी 19 तबकड्या फुटल्या. गाडीत बसताना मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बाबा, शेवटी शेवटी इथे वर थोडं दुखलं." त्या 19 पेक्षा मला या वाक्याचा आनंद जास्त झाला.