उशाशी ठेवलेला लॅपटॉप

गेल्या पंधरवड्यात राहुरी तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी रक्तदाब तपासण्यासाठी गेलो होतो. वय ७८, घरी एकटेच, मुलगा पुण्यात. तपासणी आटोपली आणि उशाशी, गादीवरच चार्जिंगला लावलेला जुना लॅपटॉप दृष्टीस पडला. झाकणाची बिजागरी तुटलेली, कीबोर्डची काही बटणे निकामी. एवढे चालण्याजोगे होते. परंतु टचपॅड वर उचलले गेले होते. गुरुजींच्या रक्तदाबापेक्षा मला त्या उंचवट्याचीच चिंता अधिक वाटली.

आतील बॅटरी फुगली होती. लिथियम-आयन बॅटरी जुनी होऊन बिघडली की तिच्यात वायू साठतो. अशी बॅटरी तापली, दाबली गेली किंवा टोचली गेली, तर पेट घेऊ शकते. गादीवर ठेवल्याने हवा खेळण्याच्या फटी बुजतात व उष्णता वाढते.

“मुलगा केव्हाचा सांगतो आहे, टाकून द्या म्हणून. पण हिचे सगळे फोटो यातच आहेत, डॉक्टर,” गुरुजी म्हणाले. खरी अडचण यंत्राची नव्हती.

काळजीवाहकांनी अशा वेळी पुढील क्रम पाळावा.

१. चार्जर तत्काळ काढावा, लॅपटॉप पुन्हा सुरू करू नये. तो कपडे-कागदांपासून दूर, सावलीत, कोरड्या फरशीवर ठेवावा. धूर दिसल्यास प्रथम वृद्धांना बाहेर काढावे आणि १०१ क्रमांकावर कळवावे.

२. बॅटरी घरी उघडू नये; जाणकार दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्यावी. लॅपटॉप सुरू होत नसला, तरी हार्ड डिस्क शाबूत असल्यास त्यातील फोटो बहुधा मिळतात. त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

३. बाकी यंत्र चांगले असेल, तर बाहेरून साधा कीबोर्ड जोडता येतो आणि एचडीएमआय केबलने टीव्हीवर मोठी अक्षरे पाहता येतात. दुहेरी भिंगांचा चष्मा असलेल्यांनी पडदा थोडा खाली ठेवावा. हनुवटी उंचावून वाचल्याने मान दुखते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

४. निकाली काढायचाच असेल, तर आधी हार्ड डिस्क काढून घ्यावी. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नगरपालिकेत अधिकृत संकलनाची चौकशी करावी. वजनावर भंगारात देऊ नये. उघड्यावर तारा व सर्किट जाळल्याने शिशासारखे विषारी धातू पसरतात आणि लहान मुलांच्या मेंदूस इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या अहवालात मुलांना असलेल्या या धोक्याचा इशारा दिला आहे.

गुरुजींचा लॅपटॉप आता बॅटरीविना, थेट विजेवर, टेबलावर चालतो. फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी मुलाकडे आहे. ‘टाकून द्या’ म्हणण्यापूर्वी ‘त्यात काय आहे?’ एवढे विचारले असते, तर हे वर्षापूर्वीच झाले असते.

रक्तदाब मात्र अजून थोडा चढाच आहे. त्यासाठी गोळी वेळेवर घ्यावी लागेल, हे गुरुजींना पुन्हा सांगून आलो आहे.