मुंबईला जाता, मग नाटकाला का जात नाही?

सीमाभागातला मराठी माणूस वर्षातून एकदोनदा तरी मुंबई-पुण्याला जातोच. कुणाचे लग्न असते, मुलाची मुलाखत असते, इस्पितळातली तपासणी असते, कधी आझाद मैदानावरचे धरणे असते. काम आटोपले की हाती एखादी संध्याकाळ मोकळी उरते. त्या संध्याकाळचे आपण काय करतो, याविषयी आम्हांला आज थोडे कठोर लिहायचे आहे.

ती संध्याकाळ बहुधा मॉलमध्ये जाते. नाहीतर चित्रपटगृहात जाते. आणि पाहिला जातो तो चित्रपट त्याच आठवड्यात बेळगावातही लागलेला असतो. दादरला शिवाजी मंदिरावरचे नाटकांचे फलक आपण टॅक्सीतून वाचतो, ओळखीच्या नटाचे नाव दिसले की मुलांना बोट दाखवतो आणि पुढे निघून जातो. गावी परतल्यावर मात्र हीच मंडळी कट्ट्यावर बसून खंत करतात की, बेळगावला पूर्वीसारखी नाटके येत नाहीत, खानापूर-निपाणीला तर कुणी विचारतच नाही. या खंतीचा अधिकार आपण कशाच्या बळावर सांगतो?

आमचे म्हणणे सरळ आहे. मोठ्या शहरात गेलेल्या सीमावासीयाने पहिली मोकळी संध्याकाळ मराठी नाटकाला द्यावी. मॉल, चौपाटी, चित्रपट यांचा क्रम त्यानंतर लागावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो करमणुकीचा. फिरायला गेलेल्या माणसावर चळवळीचे ओझे कशाला, असे आम्हांला विचारले जाते. ओझे लादण्याची आमची इच्छा नाही. पण वस्तुस्थिती डोळ्यांआड करता येत नाही. आपल्या मुलांचे शिक्षण आज इंग्रजी किंवा कन्नड माध्यमातून होते, कचेरीतला कागद कन्नडमध्ये येतो, दुकानावरची पाटी कन्नडमध्ये लागते. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि फोनवरच्या ‘जेवलास का’मध्ये. घरच्या बोलीत माया असते, पण वाद घालण्याची, उपरोधाची, न्यायनिवाड्याची, प्रेमाची आणि तिरस्काराची सारी मराठी तिच्यात मावत नाही. सलग दोनअडीच तास, शेकडो माणसांच्या सोबतीने, तीच भाषा पूर्ण ताकदीने कानावर पडावी अशी जागा आता एकच उरली आहे, आणि ती म्हणजे नाट्यगृह. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. आमचे आयुष्य न्यायालयात गेले. तरी साक्ष, उलटतपासणी आणि आरोप या गोष्टी माणसाला कशा सोलून काढतात हे मराठीत त्या नाटकाइतके नेमके सांगणारे दुसरे काही आम्हांला ठाऊक नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला असे एक नाटक दाखवले, तर ‘मराठीत काय आहे’ हा प्रश्न तो पुन्हा विचारणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी चित्रपटाचे तिकीट, मध्यंतरातले पॉपकॉर्न आणि मॉलमधले जेवण यांची बेरीज एकदा कागदावर मांडावी. नाट्यगृहातल्या बाल्कनीचे तिकीट आणि मध्यंतरातला बटाटावडा त्या बेरजेपुढे फार मोठा ठरत नाही. अलीकडे मुंबईत परदेशी संगीतिकांचे भव्य प्रयोगही होऊ लागले आहेत. २०२३ साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ वांद्र्याच्या नव्या सांस्कृतिक केंद्रात आले, तेव्हा त्याची पुष्कळ चर्चा झाली. ज्याला परवडते त्याने तेही जरूर पाहावे. नेपथ्य, प्रकाश आणि वाद्यवृंद यांत शिकण्यासारखे खूप असते. मात्र तेथे हजारो रुपये आनंदाने मोजणाऱ्याने शिवाजी मंदिराच्या खिडकीपाशी महागाईचे कारण सांगू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका आहे. नाटके आता मोबाइलवर दिसतात, मग जायचे कशाला? चित्रीकरणात नाटकाचा मजकूर उरतो, प्रयोग उरत नाही. तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार, प्रेक्षागृहातून उठलेल्या हशासाठी नटाने क्षणभर रोखून धरलेले वाक्य, शेजारच्या अनोळखी बाईंनी पदराने टिपलेले डोळे, हे मोबाइलवर येत नाही. आणि ज्या समाजाला आपली संख्या सतत सिद्ध करावी लागते, त्या समाजाने तरी एकत्र बसण्याचे मोल विसरू नये.

आपले या रंगभूमीशी नाते पाहुण्याचे नाही, हेही ध्यानात घ्यावे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे शिक्षण बेळगावात झाले. दीनानाथ मंगेशकर गोव्यातल्या मंगेशीचे, आणि बालगंधर्वांना राजाश्रय मिळाला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा. मराठी रंगभूमी आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच्या मातीनेही घडवली आहे. १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो. त्याच्या आदल्या दिवशी ‘शाकुंतल’चा स्मरणदिन असतो आणि चार दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन येतो. या तीन दिवसांपैकी आपल्याला एकच पाठ आहे. निषेध केलाच पाहिजे. पण ज्या ठेव्यासाठी निषेध करायचा, तो ठेवा उघडून पाहिलाच नाही तर घोषणेत बळ कुठून येणार?

येथे कन्नड बांधवांविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’ मराठी प्रेक्षकाने आपलेच मानले. म्हणून बेंगळुरूला कामानिमित्त जाणाऱ्यांनी तेथल्या ‘रंगशंकरा’त एखादे कन्नड नाटक अवश्य पाहावे. आपला वाद शासनाच्या सक्तीशी आहे, कन्नड रंगमंचाशी नाही. आणि त्या नाट्यगृहातली प्रेक्षकांची शिस्त व वक्तशीरपणा आपणही उचलावा असा आहे.

आता निवडीचा प्रश्न. आपल्याकडचा प्रेक्षक नाटकाला गेलाच, तर मालिकेतला चेहरा पाहून तिकीट काढतो. ही निवड आळसाची आहे. जाहिरातीत लेखकाचे आणि दिग्दर्शकाचे नाव आधी वाचावे. नटाच्या छायाचित्राखाली लेखकाचे नाव सापडत नसेल, तर सावध व्हावे. प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी त्या आठवड्याचे प्रयोग पाहून घ्यावेत. व्यावसायिक नाटकांचे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या फरकाने संधी हुकते. उतरण्याच्या ठिकाणाजवळचे नाट्यगृह शोधावे: दादरला शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिर, पार्ल्याला दीनानाथ, ठाण्याला गडकरी रंगायतन, पुण्यात बालगंधर्व किंवा कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग असेल तर तो आधी धरावा, कारण असे प्रयोग आता क्वचितच होतात. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागीही एकदा जावे. तेथे नट आणि आपण यांच्यात चार हातांचे अंतर असते.

नाटक आपल्या गावी यावे असे वाटत असेल, तर इंदूरकडे पाहावे. मुंबईपासून ते शहर बेळगावपेक्षा जवळ नाही. तरीही तेथल्या ‘सानंद’ संस्थेने सभासदांचे गट पाडून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावण्याची पद्धत रुजवली. सभासद ठरलेले असले की निर्मात्याला रिकाम्या खुर्च्यांचे भय राहत नाही आणि मग त्याला अंतर आडवे येत नाही. बेळगावात २०१५ साली ९५वे नाट्यसंमेलन झाले, त्याचा अभिमान आपण आजही सांगतो. त्या अभिमानातून शेदोनशे कायमचे वर्गणीदार का उभे राहू नयेत?

निर्मात्यांनाही आमचा जाब आहे. सीमाभागाच्या नावाने व्यासपीठावर गहिवरणाऱ्यांनी दौऱ्याच्या आखणीत कोल्हापूरला पूर्णविराम देऊ नये. पण हा जाब विचारण्यापूर्वी आपल्या खिशात तिकिटाचा अर्धा तुकडा असायला हवा.

पुढच्या वेळी मुंबईचे तिकीट काढाल, तेव्हा त्याच बैठकीत नाटकाचेही काढा. मुलांना बरोबर न्या, आणि परतीच्या गाडीत त्यांना नाटकाविषयी बोलते करा, मराठीत.